लेझरने सिरॅमिकला तडे का जातात? चटका, ओढ आणि केसाएवढी भेग

या भागात आपण लेझर आणि सिरॅमिक यांच्या भांडणाबद्दल बोलणार आहोत. ज्यांना ऐकायला जमलं नाही, किंवा मुरबाड-कल्याण एसटीत बसलेत आणि रेंज सारखी जातेय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला भाग. बोलण्याच्या ओघातलं "म्हणजे", "ॲक्च्युअली" वगैरे थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.

विषय आला एका व्हॉइस नोटवरून. मुरबाड एमआयडीसीत अप्रेंटिसशिप करणाऱ्या आपल्या एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, स्टीलच्या पार्टवर लेझर फिरवला की तो वरून कडक होतो, जास्त टिकतो. मग सिरॅमिकच्या पार्टवर फिरवला तर तडे का जातात? सिरॅमिक तर उष्णता सहन करायलाच बनवलेलं असतं ना?"

प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. उष्णता सहन करणं आणि उष्णतेतला *फरक* सहन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळी गंमत त्या "फरक" शब्दात आहे. हळूहळू उलगडू.

सिरॅमिक म्हणजे फक्त कपबशी नाही

आपल्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात वीटभट्ट्या कोणी पाहिल्या नाहीत असा माणूस सापडणार नाही. वीट हीसुद्धा सिरॅमिकच. माती मळली, साच्यात घातली, वाळवली, भाजली, की ती पुन्हा कधी माती होत नाही. इंजिनिअरिंग सिरॅमिक ही त्याच घराण्यातली शिकलेली पुढची पिढी समजा. मातीच्या जागी अगदी शुद्ध, पिठासारखी बारीक पावडर घ्यायची, प्रचंड दाबाने साच्यात बसवायची आणि भट्टीत भाजायची. अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, साधारण १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात.

हे तुमच्या आजूबाजूला आहेच. बाइकच्या स्पार्क प्लगचा पांढरा भाग अ‍ॅल्युमिनाचा. दातांच्या डॉक्टरकडे मिळणारी पांढरी "झिर्कोनिया कॅप" म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड. पाण्याच्या पंपातल्या मेकॅनिकल सीलची गुळगुळीत चकती बऱ्याचदा सिलिकॉन कार्बाइडची असते. जोरात फिरणाऱ्या बेअरिंगमधल्या काळ्या गोळ्या सिलिकॉन नायट्राइडच्या. आणि २०१६ मध्ये शाओमीचा पहिला मी मिक्स आला, त्याची बॉडी सिरॅमिकची होती. तो हातात घेतलेल्यांना आठवत असेल, एकदम गार आणि गुळगुळीत लागायचा. पडला की मात्र काळजाचा ठोका चुकायचा.

तो ठोका का चुकायचा, त्यातच आजचा विषय आहे. स्टीलवर जोर आला की ते आधी वाकतं, म्हणजे सांगून मोडतं. सिरॅमिक वाकत नाही. सहन करतं, सहन करतं आणि मग एका क्षणात तुकडे.

मग त्यावर लेझर मारायचाच कशाला? कारण सिरॅमिक इतकं कडक असतं की त्याला घासायला, कापायला हिऱ्याची हत्यारं लागतात. ती महाग आणि काम वेळखाऊ. लेझरला कडकपणाशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त तापवायचं असतं. शिवाय पृष्ठभागावरची बारीक भोकं वितळवून बुजवायची असतील, किंवा उलट चिकटपणा वाढवायला पृष्ठभाग थोडा खरबरीत करायचा असेल, तर पूर्ण पार्टला हात न लावता फक्त वरचा पापुद्रा बदलता येतो. यालाच लेझर सरफेस ट्रीटमेंट म्हणतात.

बारामतीचा मुलगा आणि अदृश्य किरण

आता लेझरकडे. जगातला पहिला लेझर १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी चालवला. त्याच्या पोटात काय होतं? माणिक, म्हणजे रुबी. आणि रुबी म्हणजे थोडं क्रोमियम मिसळलेलं अ‍ॅल्युमिनाच! म्हणजे जे सिरॅमिक आज लेझरचा चटका खातंय, त्याच रसायनाच्या स्फटिकातून पहिला लेझर बाहेर पडला.

सिरॅमिकच्या कामात सगळ्यात जास्त वापरला गेलेला लेझर मात्र वेगळा, कार्बन डायऑक्साइड लेझर. तो शोधला सी. कुमार एन. पटेल यांनी. जन्म १९३८, बारामती. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून डिग्री घेतली, मग स्टॅनफर्डला डॉक्टरेट आणि १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये हा लेझर. पुढे १९९६ साली त्यांना अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं. लग्नपत्रिकेवर जाळीची नक्षी कापणारं किंवा अ‍ॅक्रिलिकच्या नेमप्लेट बनवणारं मशीन पाहिलंय? त्यात बहुतेक वेळा हाच लेझर असतो.

या लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही. स्टीलसारखा चकचकीत धातू त्यातला बराचसा परत फेकतो. अ‍ॅल्युमिना आणि झिर्कोनियासारखी ऑक्साइड सिरॅमिक्स मात्र तो मस्तपैकी शोषून घेतात, आणि तेही अगदी वरच्या थरात. म्हणजे सगळी उष्णता पापुद्र्यातच जमा.

किती उष्णता? १००० वॉटचा लेझर १ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर आणला, तर त्या ठिपक्यावर प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे १२७० वॉट पडतात. आपल्याकडे मे महिन्याच्या भर दुपारी एका चौरस *मीटर*ला साधारण १००० वॉट ऊन पडतं. भागाकार करा. लेझरचा ठिपका त्या उन्हाच्या साडेबारा लाखांहून जास्त पट कडक आहे.

झळ किती खोल जाते?

इथे एक सोपा नियम लक्षात ठेवा. उष्णता पदार्थात किती खोल शिरते हे वेळेच्या *वर्गमुळावर* अवलंबून असतं. म्हणजे वेळ १०० पट कमी केला तर खोली १० पट कमी होते.

लेझर एका जागी ०.१ सेकंद रेंगाळला, तर गरम अ‍ॅल्युमिनात झळ अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाते. १ मिलिसेकंदाचा पल्स दिला तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. आणि १० नॅनोसेकंदाचा पल्स असेल तर एक मायक्रोमीटरसुद्धा नाही. तेवढ्या वेळात उष्णतेला पळायला सवडच मिळत नाही, वरचा पदार्थ थेट वाफ होऊन उडतो.

आता लेझर फिरवलेल्या सिरॅमिकचा उभा छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला तर तीन मजले दिसतात. सगळ्यात वर, वितळून पुन्हा गोठलेला थर. त्यातले कण बऱ्याचदा खालून वर उभे वाढलेले असतात, कारण उष्णता खाली जाते आणि गोठणं खालून वर सरकतं. मधला मजला म्हणजे न वितळलेला, पण झळ बसलेला पट्टा. आणि तळमजल्यावर मूळ पदार्थ, ज्याला काही झाल्याचा पत्ताही नाही.

भांडण सुरू होतं ते या तीन मजल्यांत. सगळे एकमेकांना घट्ट चिकटलेले, पण प्रत्येकाचं तापमान वेगळं.

चटका बसताना नाही, गार होताना

बहुतेकांना वाटतं की लेझर पडला त्या क्षणी सिरॅमिक तडकतं. खरं तर घात होतो तो लेझर पुढे सरकल्यावर.

म्हणजे बघा. वरचा थर तापतो तेव्हा त्याला पसरायचं असतं. आजूबाजूचा गार पदार्थ त्याला पसरू देत नाही. त्यामुळे वरचा थर *दाबला* जातो. दाबाच्या बाबतीत सिरॅमिक पहिलवान आहे, ओढीच्या कितीतरी पट दाब ते हसत सहन करतं. मग थर वितळतो. द्रवात कसला आलाय ताण? सगळा हिशेब शून्यावर येतो.

आता लेझर पुढे जातो. द्रव गोठतो, आणि सेकंदाला हजारो, कधी लाखो अंशांच्या वेगाने गार होऊ लागतो. गार होताना त्याला आकसायचं असतं. वितळलेला अ‍ॅल्युमिना घट्ट होतानाच आकारमानाने सुमारे एक पंचमांश कमी होतो, आणि घट्ट झाल्यावरही पुढे आकसत राहतो. पण खालचा मजला जागचा हलत नाही. वरच्याला जवळ यायचंय, खालचा सोडत नाही. म्हणजे वरच्या थरात *ओढ* तयार होते, आणि ओढ हाच सिरॅमिकचा वीक पॉइंट.

भातकापणीनंतर खाचरातली चिखलमाती वाळते तेव्हा काय होतं आठवा. वरचा थर आकसतो, खालचा ओला तसाच राहतो, आणि सगळ्या वावरात तुकड्यातुकड्यांची जाळी उमटते. लेझर फिरवलेल्या अ‍ॅल्युमिनाचा फोटो बघितलात तर हुबेहूब तशीच जाळी दिसते, फक्त हजारो पट बारीक. याच्याच मोठ्या भावाला बघायचं असेल तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा गार होताना आकसला, तडकला, आणि त्याचे उभे खांब तयार झाले. चिखलात पाणी जातं आणि लाव्ह्यात उष्णता जाते, पण दोन्हीकडे तक्रार एकच आहे: आकसायचंय आणि कोणी आकसू देत नाही.

थोडा हिशेब करू, घाबरू नका

पदार्थाला अजिबात आकसू दिलं नाही तर दर अंशाला किती ओढ तयार होते? त्यासाठी तीन गोष्टी लागतात: पदार्थ किती ताठ आहे, दर अंशाला किती पसरतो किंवा आकसतो, आणि एका बाजूने ओढल्यावर दुसऱ्या बाजूने किती बारीक होतो. ताठपणाला प्रसरणाने गुणायचं आणि तिसऱ्या गोष्टीची छोटी दुरुस्ती करायची.

अ‍ॅल्युमिनासाठी उत्तर येतं दर अंशाला सुमारे ४ मेगापास्कल. १ मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण १० किलो वजन. म्हणजे तापमानातल्या *फक्त एका अंशाच्या* फरकाला नखाएवढ्या जागेवर ४० किलोची ओढ!

चांगल्या अ‍ॅल्युमिनाची ओढ सहन करायची ताकद असते सुमारे ३०० मेगापास्कल. भागा चारने. ७५ अंश. सगळ्यात वाईट परिस्थितीत एवढाच फरक पुरे. प्रत्यक्षात गरम अ‍ॅल्युमिना एकदम पाण्यात टाकला तर तो साधारण २०० अंशांच्या फरकापर्यंत तग धरतो, कारण पृष्ठभाग अगदी क्षणात गार होत नाही. आणि लेझरखाली फरक किती? अ‍ॅल्युमिना वितळतो सुमारे २०५० अंशांना. म्हणजे एका बाजूला २००० च्या वर, आणि मिलिमीटरभर खाली जवळजवळ खोलीचं तापमान. हिशेब बसतच नाही. तडा जाणार हे ठरलेलंच आहे, प्रश्न फक्त किती आणि कुठे.

आता स्टीलचं उत्तर. ओढ स्टीलमध्येही तयार होते. पण स्टीलच्या स्फटिकातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकतात. थोडं वाकून, थोडं ताणून ते ओढ जिरवतं. वर बोनस म्हणून, योग्य जातीचं स्टील पटकन गार झालं की त्याची आतली रचना बदलून ते जास्त कडक होतं. सिरॅमिकमध्ये अणूंची पकड इतकी घट्ट असते की सरकणं जवळजवळ बंद. जिरवायला जागा नाही, म्हणून तडा. व्हॉइस नोटवाल्या दोस्ता, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं: एवढ्याशा भेगेने काय होतं?

"दादा, केसाएवढी भेग. त्याने काय फरक पडतो?" असं कोणी म्हणेल. पडतो, आणि भरपूर पडतो.

१९२० च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने काचेवर प्रयोग करून दाखवलं की ठिसूळ पदार्थाची ताकद त्यातली भेग ठरवते. भेगेच्या टोकाशी सगळी ओढ एकवटते. दुधाची पिशवी फाडताना आधी कोपऱ्यावर छोटा कट देतो, त्यातलाच प्रकार.

अ‍ॅल्युमिनाचे आकडे घालून बघू. पृष्ठभागावर ०.१ मिलिमीटर खोल भेग असेल, तर ताकद ३०० वरून साधारण २०० मेगापास्कलवर येते. भेग चौपट खोल, म्हणजे ०.४ मिलिमीटर झाली, की ताकद निम्मी, सुमारे १००. पुन्हा वर्गमूळ! आणि ०.१ मिलिमीटर म्हणजे किती? आपल्या डोक्याच्या केसाएवढं.

यातला धोका असा की वरून सगळं छान दिसतं. लेझर फिरवलेला भाग चकचकीत होतो, भोकं बुजलेली असतात, कडकपणा मोजायची सुई टोचली तर आकडाही चांगला येऊ शकतो. तरीही पार्ट एक तृतीयांश कमजोर झालेला असू शकतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड सगळा हिरवा, आणि सर्व्हर पडायच्या बेतात.

अजून एक. दहा पार्ट तपासले आणि सरासरी ताकद चांगली आली, तर खूश होऊ नका. सिरॅमिकमध्ये प्रत्येक पार्टची सगळ्यात मोठी भेग वेगळी असते, त्यामुळे प्रत्येकाची ताकद वेगळी. साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच मजबूत. स्वीडनच्या वालोदी वायबुल यांनी १९३९ मध्ये यासाठी गणित मांडलं. आजही सिरॅमिकचं काम करणारे सरासरीसोबत "वायबुल मोड्युलस" विचारतात, म्हणजे निकाल किती विखुरलेले आहेत. आकडा मोठा असेल तर सगळे पार्ट सारखे वागतात.

प्रत्येक सिरॅमिकचा स्वभाव वेगळा

सगळ्यांना एकाच काठीने हाकता येत नाही.

*अ‍ॅल्युमिना*चं आपण बघितलं. वितळतो, आकसतो, जाळी पडते.

*झिर्कोनिया* मजेशीर आहे. तो तापमानाप्रमाणे रूप बदलतो. शुद्ध झिर्कोनिया सुमारे ११७० अंशांच्या खाली एका रूपात, त्यावर दुसऱ्या आणि २३७० च्या वर तिसऱ्या. गार होताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना तो ४ ते ५ टक्के *फुगतो*. एवढं फुगणं म्हणजे स्वतःचेच तुकडे. म्हणून त्यात थोडं यिट्रियम ऑक्साइड मिसळून त्याला दुसऱ्या रूपातच धरून ठेवतात. १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी "नेचर"मध्ये दाखवलं की हे फुगणंच कामाला लावता येतं: भेग पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाजवळचे कण फुगून तिला दाबून धरतात. पण लेझरने वितळवून पटकन गार केलं की हे नाजूक संतुलन बिघडू शकतं. शिवाय झिर्कोनिया उष्णता फारच हळू वाहून नेतो, त्यामुळे झळ एकाच जागी साठते. लेझरखाली तो काळपटही पडतो, कारण त्यातला थोडा ऑक्सिजन निघून जातो. हवेत पुन्हा भाजला की रंग बराचसा परत येतो.

*सिलिकॉन नायट्राइड* कमी पसरतो. त्याचा हिशेब केला तर दर अंशाला अ‍ॅल्युमिनाच्या साधारण एक तृतीयांश ओढ, आणि ताकद दुप्पट किंवा जास्त. म्हणून तो शेकडो अंशांचा झटका सोसतो. पण तो वितळत नाही! १९०० अंशांच्या आसपास त्याचं विघटन होतं, नायट्रोजन वायू उडून जातो आणि मागे सिलिकॉन राहतं. हवेत ते जळून काचेसारखा थर बनवतं, त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. म्हणजे तुम्ही वर जो थर बनवला तो मूळ पदार्थच राहिला नाही.

*सिलिकॉन कार्बाइड*ही साध्या दाबाखाली वितळत नाही, खूप वरच्या तापमानाला फुटून वेगळा होतो. पण उष्णता छान वाहून नेतो, त्यामुळे झळ लवकर पांगते.

मग उपाय काय?

मुद्दा फरकाचा आहे ना? मग फरक कमी करा. सगळे उपाय यातूनच येतात.

पहिला, आधी तापवा. पार्ट भट्टीत १००० अंशांच्या पुढे नेऊन मग लेझर फिरवला, तर वरच्या-खालच्या मजल्यातला फरक निम्मा होतो. आणि नंतर भट्टीसकट हळूहळू गार होऊ द्यायचं. वीटभट्टी पेटवून झाली की लगेच उघडत नाहीत, विटा आतच निवू देतात, तोच शहाणपणा.

दुसरा, दोन लेझर वापरा. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी २००० च्या दशकात अ‍ॅल्युमिनाच्या भट्टीच्या विटांवर हे करून दाखवलं. एक लेझर वितळवतो, दुसरा आजूबाजूचा भाग गरम ठेवून गार होण्याचा वेग कमी करतो. भेगा टाळता आल्या.

तिसरा, पल्स छोटा करा. वर्गमुळाचा नियम आठवा. पिकोसेकंद किंवा फेम्टोसेकंद लेझरने झळ खोल जातच नाही. मशीन महाग आणि काम सावकाश, पण बारीक कामाला उत्तम.

चौथा, वरच्या थरात असं काहीतरी मिसळा जे कमी तापमानाला वितळेल आणि कमी आकसेल.

या सगळ्याचं गणित मांडणाऱ्यांत आपल्या ओळखीची आडनावं सापडतात. नरेंद्र दाहोत्रे आणि संदीप हरिमकर यांचं लेझरने पदार्थ घडवण्यावरचं जाडजूड पुस्तक २००८ मध्ये आलं, आणि अनूप सामंत व दाहोत्रे यांनी २००९ मध्ये इंजिनिअरिंग सिरॅमिकच्या लेझर मशीनिंगचा मोठा आढावा लिहिला. अमेरिकेत बसून केलेलं काम आहे, पण त्यातला एक धागा थेट आपल्या एमआयडीसीपर्यंत येतो: ग्राइंडिंग व्हील. अ‍ॅल्युमिनाचं व्हील वापरून बोथट झालं की त्याला पुन्हा धार काढावी लागते. हरिमकर आणि दाहोत्रे यांनी दाखवलं की लेझरने वरचा थर वितळवून गोठू दिला तर त्यात कोनेदार, धारदार कण नव्याने वाढतात. पाटा-वरवंट्याला टाकी लावतात ना, तसं. फक्त छिन्नीच्या जागी प्रकाश.

तडा म्हणजे नेहमी वाईटच का?

नाही. इलेक्ट्रॉनिक्समधल्या अ‍ॅल्युमिनाच्या पातळ पट्ट्या कापताना लेझरने एका रेषेत छोटी छोटी अर्धवट भोकं पाडतात आणि मग पट्टी हाताने मोडावी तशी मोडतात. गोळ्यांच्या पाकिटावर किंवा तिकिटावर टोचलेली रेघ असते तसंच. इथे कमजोर जागा मुद्दाम तयार केलेली असते.

दुसरं उदाहरण तारापूरचं. आज पालघर जिल्ह्यात, पण २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात. तिथलं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालतंय. त्यातल्या इंधनाच्या गोळ्या युरेनियम ऑक्साइडच्या, म्हणजे सिरॅमिकच्याच. गोळीचा मध्य प्रचंड गरम, कड त्या मानाने गार, म्हणून अशा गोळ्या अणुभट्टीत तापल्यावर तडकतातच. डिझाइन करणाऱ्यांनी ते धरूनच चाललेलं असतं. गोळी धातूच्या नळीत बंद असते, तिला ओढ सोसायची नसते. म्हणजे तडा चांगला की वाईट हे त्या पार्टचं *काम* ठरवतं.

पण काम माणसाचं वजन पेलायचं असेल तर? खुब्याच्या सांध्याच्या ऑपरेशनमध्ये बसवायचे "प्रोझिर" नावाचे झिर्कोनियाचे गोळे एक फ्रेंच कंपनी बनवायची. १९९८ मध्ये भाजायची पद्धत बदलली. एकेक घाणा भाजणाऱ्या भट्टीच्या जागी बोगद्यासारखी सलग चालणारी भट्टी आली. पावडर तीच, गोळा दिसायला तोच. काही वर्षांत त्या भट्टीतले काही गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले, आणि २००१ मध्ये ते बाजारातून परत मागवावे लागले. ज्यांच्या शरीरात गोळा फुटला, त्यांच्यावर पुन्हा ऑपरेशन. यात लेझर कुठेच नव्हता. फक्त तापण्या-निवण्याची रीत बदलली होती. सिरॅमिकमध्ये तेवढंही पुरतं.

म्हणून दोस्ता, उद्या तुझ्यासमोर कोणी लेझर फिरवलेला चकचकीत सिरॅमिक पार्ट ठेवला, तर चार प्रश्न विचार. हा पार्ट ओढ सोसणार आहे की फक्त दाब? लेझरआधी किती तापवला आणि नंतर किती वेळात गार केला? डाय पेनिट्रंट लावून भेगा बघितल्या का? आणि ट्रीटमेंट केलेली बाजू ओढीला येईल असा वाकवून तोडून बघितला का, तेही दोनचार नाही, पंचवीस-तीस नमुने? या प्रश्नांना नीट उत्तरं मिळाली तर पार्ट वापर. "चकचकीत आहे ना, मग झालं" असं उत्तर आलं तर सही करायच्या आधी थांब, अप्रेंटिस असलास तरी. आणि हो, लेझरजवळ जाताना त्याच लेझरसाठीचा चष्मा घातल्याशिवाय जायचं नाही. किरण दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कारखान्यात, कॉलेजात, भट्टीवर असं काही तडकताना पाहिलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि उकळता चहा काचेच्या गार ग्लासात एकदम ओतू नका. का, ते आता तुम्हाला माहीत आहे!